डागात पहारा नसतो

निपाणीकडच्या आमच्या आत्याच्या उजव्या पोटरीवर तळहाताएवढा डाग होता. लग्नाआधी गुऱ्हाळावर चिपाडं ओढताना काहिलीतला उकळता रस उडाला आणि कातडी सोलून निघाली, त्याचा. गुळगुळीत, पांढरट. त्यावर पुन्हा कधी केस उगवला नाही की घाम फुटला नाही. पस्तीस वर्षांनी त्याच डागाच्या कडेला जखम उठली. खपली धरायची, गळून पडायची, पुन्हा ओली व्हायची. हळद झाली, मलम झालं, 'साखर तपासा' झालं. आठ महिन्यांनी कुणाला तरी तुकडा काढून तपासायला पाठवायचं सुचलं. रिपोर्ट इंग्रजीत आला, फॉर्म कानडीत भरला आणि घरात मराठीत एकच प्रश्न: भाजल्याचा कॅन्सर कसा होईल?

या प्रश्नाचं वय दोनशे वर्षांच्या आसपास आहे. फ्रेंच शल्यविशारद झाँ-निकोला मार्जोलँ यांनी १८२८ साली जुन्या व्रणांवर उठणाऱ्या चामखिळीसारख्या जखमांचं वर्णन केलं. गंमत अशी की हा कर्करोग आहे, हे त्यांनी म्हटलंच नव्हतं. ते पुढच्या मंडळींनी ओळखलं, आणि १९०३ साली अमेरिकी शल्यविशारद डाकोस्टा यांनी या जखमेला मार्जोलँचं नाव देऊन टाकलं. भाजणं आणि जखम उठणं यांत सरासरी तीस वर्षं जातात. म्हणूनच पेशंटला दोन्हींचा संबंध लागत नाही, आणि डॉक्टरनं विचारलं नाही तर तो सांगतही नाही. हा बहुधा स्क्वेमस सेल जातीचा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग असतो. उन्हानं होणाऱ्या त्याच जातीच्या कर्करोगापेक्षा हा जास्त आडदांड असतो, लवकर पसरतो.

का, हे समजायला बर्लिनमधल्या एका विद्यार्थ्याकडे जावं लागतं. पॉल लँगरहान्स १८६८ साली वैद्यकीचा विद्यार्थी होता. कातडीच्या पातळ कापांना सोन्याच्या क्षाराचा रंग दिल्यावर त्याला वरच्या थरात फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. त्याला वाटलं, या मज्जातंतूंच्या पेशी. हा समज शंभर वर्षं टिकला. १९७०च्या दशकात कळलं की हे कातडीचे पहारेकरी आहेत. परकं काही दिसलं की त्याचा तुकडा उचलायचा, लसिकावाहिन्यांतून (लिम्फच्या बारीक नळ्यांतून) जवळच्या लसिकागाठीत जायचं आणि तिथल्या टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींना, वर्दी द्यायची, हे त्यांचं काम. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते याच धावपळीमुळे.

खोल भाजल्याच्या डागात हे पहारेकरी कमी असतात आणि लसिकावाहिन्या जवळजवळ नसतातच. म्हणजे चोर दिसला तरी चौकीकडे जायची वाटच बंद. डागाच्या आत बिघडलेली पेशी बिनबोभाट वाढत राहते, असा हा सिद्धांत १९६०च्या दशकापासून मांडला जातो. त्याची दुसरी बाजू जास्त भीतीदायक आहे. वाट नाही म्हणून रोगालाही बाहेर पडता येत नाही, त्यामुळे तो बरीच वर्षं संथ वाटतो. पण डागाची कड ओलांडून निरोगी कातडीत शिरला की त्याला तयार रस्ता मिळतो. आत्याच्या डॉक्टरांनी आधी जखम पाहिली नाही, जांघ चाचपली. तेव्हा आम्हाला ते विचित्र वाटलं होतं.

आपल्याकडे कातडीचा कर्करोग तसा कमी. सावळ्या रंगातलं मेलॅनिन ऊन अडवतं. म्हणून इथला इतिहास उन्हाचा नाही, तो वापराचा आणि चटक्यांचा आहे. काश्मिरात फेरणाखाली निखाऱ्याची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग एल्म्सली नावाच्या मिशनरी डॉक्टरनं १८६६ मध्ये नोंदवला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये विकृतिशास्त्र विभाग उभा करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली कमरेवरच्या एका कर्करोगाची नोंद केली. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधल्यानं होणारा तो 'धोती कॅन्सर'. आधी काळा पट्टा, मग खाज, मग तिथली कातडी पांढरी पडते, आणि एखाद्याला तिथेच न भरणारी जखम. पुढे साडीचंही नाव त्याला जोडलं गेलं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायांच्या केसेस छापल्या आणि खरा दोष परकराच्या नाडीचा असल्याचं म्हटलं. मात्र त्यातली एक बाई परकर न घालता चाळीस वर्षं घट्ट लुगडं नेसणारी होती. खानापूर, येळ्ळूरकडच्या नऊवारीतल्या आज्यांच्या कमरेवरचा काळा करकोचा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातल्या फारच थोड्यांचा कर्करोग होतो, पण गाठ रोज थोडी सरकवून बांधायला काय जातं? तळपायावरचा काळा, वाढता ठिपका कुरूप समजून ब्लेडनं तासत बसणं, हाही याच जातीचा निष्काळजीपणा. तो मेलॅनोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग, असू शकतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो.

प्रतिकारशक्ती हा विषय बेळगावला नवा नाही. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो म्हटलं की परगावच्या माणसाला बसडेपो वाटतो, आणि गावातल्याला सकाळचं फिरणं आठवतं. त्या झाडीत एकेकाळी वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवली जायची आणि मुंबई इलाख्यात धाडली जायची. दंडावर ओरखडा काढून ती टोचत. शरीराला शत्रूची ओळख करून द्यायची तर कातडीसारखा दरवाजा नाही, हे इथे कारण कळायच्या आधीच वापरात होतं. हाच विचार कर्करोगाला लावायचा पहिला धाडसी प्रयत्न न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये केला. गाठी झालेल्या पेशंटांना ते मुद्दाम धावऱ्याचे, म्हणजे कातडी लालभडक सुजवणाऱ्या रोगाचे, जंतू टोचत. काही बरे झाले, काही त्या जंतूंनीच दगावले, आणि किरणोपचार आल्यावर तो मार्ग मागे पडला. शरीर रोज नवजात कर्करोगपेशी हुडकून मारतं, ही कल्पना मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ च्या सुमारास नीट मांडली. तिचा पुरावा नको त्या ठिकाणी सापडला: मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत आणि पुढे एचआयव्ही झालेल्यांत. पहारा उठवला की कातडीचे कर्करोग डोकं वर काढतात.

त्यातला सगळ्यात बोलका म्हणजे मर्केल सेल कार्सिनोमा. अमेरिकेत वर्षाला साधारण ३,००० जणांना होतो, आपल्याकडे अगदी विरळा. लालसर-जांभळी, न दुखणारी गाठ, आठवड्यांत वाढणारी. होणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश त्यानं जातात. हे प्रमाण मेलॅनोमाहून वाईट आहे. नावाची कथा लँगरहान्सच्या उलट. फ्रीडरिख मर्केल यांनी १८७५ मध्ये कातडीतल्या स्पर्शपेशी शोधल्या, आणि त्यांचं काम त्यांनी बरोबर ओळखलं. सिरिल टोकर यांनी १९७२ मध्ये पाच पेशंटांतल्या एका वेगळ्याच गाठीचं वर्णन केलं तेव्हा त्यांना ती घामग्रंथीची वाटली होती. १९७८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात मर्केल पेशींसारखे बारीक कण दिसले आणि दोन वर्षांत नाव पडलं. आज बहुतेक अभ्यासकांना वाटतं की हा कर्करोग मर्केल पेशींतून निघतच नसावा, कारण त्या पेशी विभागतच नाहीत. नाव राहिलंय. चुकीच्या घरावरची जुनी पाटी!

खरी उलथापालथ २००८ साली झाली. पिट्सबर्गच्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर या जोडप्यानं १९९४ मध्ये कापोसी सार्कोमाचा, म्हणजे एड्सच्या पेशंटांत दिसणाऱ्या एका कर्करोगाचा, विषाणू शोधला होताच. मर्केल गाठीतल्या सगळ्या जनुकीय मजकुरातून त्यांच्या गटानं माणसाचा मजकूर संगणकानं वजा केला आणि उरलं काय ते पाहिलं. उरला एक अनोळखी विषाणू. दहातल्या आठ गाठींत तो होता.

हा विषाणू बहुतेकांच्या अंगावर लहानपणापासून असतो आणि काही करत नाही. कर्करोग व्हायला दोन अपघात लागतात. विषाणूचा डीएनए चुकून माणसाच्या डीएनएत अडकायचा, आणि त्याच्या 'लार्ज टी' नावाच्या प्रथिनाचं शेपूट तुटायचं. शेपूट गेलं की विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, पण उरलेला तुकडा पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारं आरबी प्रथिन धरून ठेवतो. म्हणजे विषाणूलाही यात फायदा नाही. ऑस्ट्रेलियात मात्र बहुतेक गाठींत विषाणू नसतो. तिथे उन्हानं जनुकांची इतकी मोडतोड झालेली असते की विषाणूची गरजच उरत नाही.

इथे कोडं पडतं. विषाणूचं प्रथिन परकं आणि उन्हानं विद्रूप झालेली प्रथिनंही परकी. मग टी-पेशींना ती दिसत कशी नाहीत? दिसतात. म्हणूनच ही गाठ नुसता बायोप्सीचा तुकडा काढल्यावर आपोआप विरल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. एरवी टी-पेशी गाठीपर्यंत पोहोचतात, पण त्यांचा हात धरला जातो. जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनं १९९२ मध्ये शोधलेलं पीडी-१ हे टी-पेशीला थांबवणारं तिच्यावरचंच बटण आहे, आणि गाठ ते दाबून ठेवते. ते सोडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब २०१६ च्या चाचणीत २६ मर्केल पेशंटांना दिलं. तपासता आलेल्या २५ पैकी १४ जणांच्या गाठी आक्रसल्या. मार्च २०१७ मध्ये त्याच वाटेवरचं अव्हेलुमॅब या रोगाचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलं. होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी आत्याच्या जातीच्या, पसरलेल्या कर्करोगासाठी सेमिप्लिमॅबला अमेरिकेत परवानगी मिळाली.

किमतीचं बोलायचं तर ही औषधं शेत विकून परवडतील अशीही नाहीत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वेगळंच विचारलं: पूर्ण मात्रा लागतेच का? पीडी-१ सोडवणारंच निव्होलुमॅब हे औषध एरवी २४० मिलिग्रॅम देतात. त्यांनी तोंड-घशाच्या पुढारलेल्या कर्करोगाच्या १५१ पेशंटांच्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के, औषधासह ४३.४. तंबाखूच्या निपाणीत हा आकडा कातडीच्या कर्करोगापेक्षा कितीतरी जास्त घरांना लागू आहे.

आत्याला यातलं काहीच लागलं नाही. डाग कडेच्या चांगल्या कातडीसकट काढला, मांडीची कातडी लावली, जांघेतली गाठ तपासली तर साफ निघाली. आता दर तीन महिन्यांनी ती फाईल पिशवीत घालून बसनं बेळगावला येते. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या हातावर भाजल्याचा डाग दिसला, की विचारते, "कधीचा गं हा?"