ठिबक बसवल्यानंतर: घरच्या बागेला मापात पाणी देण्याविषयी

आपल्या गच्चीवर किंवा अंगणात ठिबक संचाची जोडणी आता पूर्ण झाली आहे. नळ्या अंथरल्या म्हणजे पाणी आपोआप वाचते, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात पाणी किती वेळ सोडायचे आणि कधी बंद ठेवायचे, यावरच सगळी बचत अवलंबून असते. पुणे परिसरातील अनेक सोसायट्यांत मार्च उजाडला की टँकर येऊ लागतात, आणि तेच विकतचे पाणी पाइपने फरशीवर वाहताना पाहिले की आम्हाला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे माहितीपत्रक संचासोबत प्रत्येक ग्राहकाला देत आहोत.

आजवर आपण पाइपने पाणी घालत असाल, तर एकदा घड्याळ लावून पंधरा लिटरची बादली त्याच पाइपने भरून पाहावी. दाब चांगला असल्यास ती एक ते दीड मिनिटात भरते, म्हणजे दहा मिनिटांत शंभर ते दीडशे लिटर पाणी जाते. याउलट बारा इंची कुंडीतील चांगल्या वाढलेल्या जास्वंदीला ऐन मे महिन्यातही दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पुरते आणि डिसेंबरात त्याच्या निम्म्याहून कमी लागते. वर्षभर एकाच वेळेवर लावून ठेवलेला टायमर हिवाळ्यात पाणी वाया घालवतो आणि मुळेही कुजवतो, हे त्यामुळे लक्षात ठेवावे.

पाणी द्यायचे की नाही, हे माती पाहून ठरवावे. तर्जनी दोन पेरे आत खुपसावी. माती ओलसर लागून बोटाला चिकटली, तर त्या दिवशी त्या कुंडीला पाणी देऊ नये. दुपारच्या उन्हात पाने मलूल झाली की अनेक जण घाईने तांब्याभर पाणी ओततात, पण सूर्य कलल्यावर तीच पाने पुन्हा ताठ होत असतील, तर झाडाला पाणी कमी पडलेले नसते. खालची पाने पिवळी पडून गळणे आणि मातीला कुबट वास येणे ही जास्त पाण्याची लक्षणे आहेत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेल्या कुंड्यांबाबत विशेष सांगायला हवे: असे मिश्रण एकदा कोरडे ठाक पडले की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकाने निघून जाते, आणि वरचा थर भिजलेला दिसला तरी मुळांचा गोळा आत कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवली म्हणजे पूर्ववत होते.

आता ड्रिपरविषयी, म्हणजे नळीवरच्या थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडाविषयी. ड्रिपरवर ताशी चार लिटर असे लिहिलेले असते, ते साधारण एक किलो दाबासाठी, म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी असते. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी कुंड्यांपेक्षा जेमतेम मीटरभर उंच असल्याने तोच साधा ड्रिपर तिथे ताशी सव्वा लिटरच्या आसपासच पाणी देतो. ही त्रुटी नाही. फक्त वेळ त्या हिशेबाने लावावी लागते. खात्रीसाठी पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली पंधरा मिनिटे भांडे ठेवून जमलेले पाणी मोजावे आणि त्याची चौपट करावी. दोन्हींत बराच फरक दिसला, तर आधी फिल्टरची जाळी धुवावी आणि नळीच्या टोकाची बूच काढून साचलेला गाळ वाहू द्यावा. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. तो ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला की बहुधा मोकळा होतो. त्यात टाचणी घालू नये, कारण भोक मोठे झाले की मापच बिघडते. टाकीवर चालणाऱ्या संचासाठी पुढे टायमर घ्यायचा झाल्यास शून्य दाबावर, म्हणजे पाण्याचा दाब अगदी कमी असतानाही चालणारा, बॉल व्हॉल्व्हचाच (आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी सोडणारा व बंद करणारा) घ्यावा.

अंगणात लिंबाचे झाड असेल, तर पाणी बुंध्याशी देऊ नये. बुंधा सतत ओला राहिल्यास साल कुजून डिंक्या रोग होतो, म्हणून बागायतदार दुहेरी आळे करतात: आतले बुंध्याभोवतीचे आळे कोरडे ठेवून बाहेरच्या आळ्यात पाणी सोडतात. पाणी शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेकडेने असतात, त्यामुळे आम्हीही ड्रिपर तिथेच बसवतो. झाड वाढेल तसे ते बाहेर सरकवून घ्यावेत.

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात, ते अंगणातील वाफ्यांनाही लागू पडते. वरची माती खुरप्याने हलकी मोकळी केल्याने भेगा बुजतात आणि ओल टिकते. त्यावर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरावे, फक्त ते खोडाला टेकू देऊ नये. हा उपाय फुकटचा असूनही सर्वांत कमी केला जातो, आणि आमच्या मते नव्या टायमरच्या आधी तोच करावा.

भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी, तसेच एसीचे पाणी कुंड्यांना चालते, मात्र तांदळाचे पाणी हातानेच घालावे, संचाच्या टाकीत टाकू नये. आरओच्या सांडपाण्यात क्षार जास्त असल्याने ते साध्या पाण्यात मिसळून आणि अधूनमधूनच वापरावे.

पाऊस नियमित लागला की संच बंद करून फिल्टर धुवावा, टायमरमधील सेल काढून ठेवावेत आणि कुंड्यांखालच्या ताटल्या उचलाव्यात, कारण त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. पावसाळ्यातही गच्चीच्या छपराखालील कुंड्यांना पाऊस लागत नाही, त्यांची माती मात्र बोटाने पाहत राहावी. ऑक्टोबरमध्ये संच पुन्हा सुरू करण्यापूर्वी आम्हाला कळवल्यास आमचा माणूस येऊन प्रत्येक ड्रिपर तपासून देईल.