बोअर घेण्याआधी : परवानगी कुणाला लागते, सूट कुणाला मिळते

"घरचाच बोअर आहे, त्याला कसली परवानगी?" बोअर मारणारी गाडी ठरवताना आम्हाला हे हमखास विचारलं जातं. सूट आहे हे खरं, पण ती पाण्याच्या वापरावर ठरते. जागेचे, पूर्वसूचनेचे आणि सुरक्षिततेचे नियम घरच्या बोअरलाही लागू आहेत.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतंत्र घराच्या पिण्या-वापरण्याच्या पाण्याला, शेतीला, ग्रामीण पाणीपुरवठा योजनांना आणि सैन्यदलांच्या आस्थापनांना ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही. दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी उपसा करणारे सूक्ष्म व लघु उद्योगही यातून सुटतात. १० घनमीटर म्हणजे १०,००० लिटर; तासाला २,५०० लिटर देणारा पंप चार तास चालला की मर्यादा गाठली. वर्कशॉप, सर्व्हिस सेंटर असेल तर पंप निवडण्याआधीच हा हिशेब करा.

सोसायटीचा बोअर मात्र या 'घरगुती'त बसत नाही. तिथे प्रमाणपत्र लागतं, आणि तेही स्थानिक पाणीपुरवठा पुरेसा नसेल तरच मिळतं. घरच्या किंवा शेतातल्या बोअरवरून टँकर भरून विकायला लागलात, की सूट संपली. शेजाऱ्याला दोन हंडे देणं वेगळं, धंदा वेगळा.

शेतकऱ्यांची गल्लत होते ती पुढच्या मुद्द्यावर. केंद्राची सूट हातात असली तरी महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ वेगळा आहे, आणि तो २०१४ पासून लागू आहे. या कायद्यात ६० मीटरहून खोल ती 'खोल विहीर', मग ती बोअर का असेना. अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या भागात, शेती आणि उद्योगासाठी अशी विहीर घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे जेमतेम १९७ फूट. 'दोनशे फूट मारा' असं सहज सांगितलं जातं, तेव्हाच ही रेघ ओलांडलेली असते. तुमचं गाव अधिसूचित क्षेत्रात येतं का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारून घ्या.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर घेता येत नाही. गावची नळयोजनेची विहीर किंवा हातपंप किती लांब आहे, हे मोजून या, अंदाज नको. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली तरी अंतराचा नियम बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशाप्रमाणे बोअर घेण्याच्या किमान १५ दिवस आधी जागामालकाने लेखी कळवायचं असतं. खेड्यात सरपंच किंवा जिल्हा प्रशासन, शहरात महापालिका किंवा नगरपालिका. अर्जावर शिक्का मारून पोच घ्या आणि तिची प्रत, सातबारा किंवा मिळकतीच्या उताऱ्यासह, आम्हाला द्या. पोच नसेल तर आम्ही गाडी लावत नाही. बोअर घेणाऱ्या संस्थेचीही नोंदणी असावी लागते. आमच्यासकट कुणालाही नोंदणीचा कागद मागायला संकोचू नका.

कामाच्या जागी मालकाचं आणि बोअरवाल्याचं नाव-पत्ता असलेली पाटी आणि काटेरी तारेचं कुंपण हवं. काम झाल्यावर केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाभोवती, ०.५० × ०.५० मीटरचा, ०.६० मीटर उंचीचा काँक्रीटचा ओटा करायचा : ०.३० मीटर जमिनीखाली, ०.३० मीटर वर. तोंडाला लोखंडी पत्रा वेल्ड करायचा किंवा नट-बोल्टची पक्की कॅप लावायची. पंप दुरुस्तीला काढला तरी बोअर उघडा ठेवायचा नाही. गोणपाट आणि वर दगड, याला झाकण म्हणत नाहीत.

केसिंगवर पैसे वाचवू नका. माती आणि मुरूम संपून पक्का काळा खडक लागेपर्यंत, आणि खडकात दोन-तीन फूट आत, पाइप बसला पाहिजे. अर्धवट सोडला तर पावसाळ्यात वरचं गढूळ पाणी आत शिरतं, मुरूम ढासळतो आणि पंप अडकतो. मग पंपही जातो आणि बोअरही.

पाणी न लागलेल्या बोअरमधून केसिंग काढून दुसरीकडे वापरायचा आग्रह बरेच जण धरतात. पाइप निघाला की वरची माती खचते आणि तोंड मोठं होतं. लहान मूल आत जाईल इतकं. म्हणून पाइप काढायचा असेल तर त्याच दिवशी, गाडी जागेवर असतानाच, चिकणमाती, वाळू, खडे आणि बोअरमधूनच निघालेला चुरा टाकून तळापासून जमिनीपर्यंत भरून घ्या. या भरावाचा खर्च आम्ही दरपत्रकात वेगळा दाखवतो.