घरामागचं वाळवंट आणि कॅमेरा: दीड शतकाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी उजाडला की दक्षिण कॅलिफोर्नियात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: यंदा फुलं येणार का? सॅन डिएगोहून डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलं की दोनेक तासांत अँझा-बोरेगोचं वाळवंट लागतं. लॉस एंजेलिसकरांना जोशुआ ट्री हे दुसरं वाळवंट जवळ. शनिवारी पहाटे निघून रात्री घरी परतता येईल, इतकं हे वाळवंट दाराशी आहे. म्हणूनच इथे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जवळ राहणं जास्त कामाला येतं. बहर दोन-तीन आठवडे टिकतो, तोही दरवर्षी येत नाही. लांबून तारीख ठरवून आलेल्याच्या वाट्याला बहुधा वाळू आणि वाळलेल्या काड्या येतात. गेल्या शंभर वर्षांत या वाळवंटाची जी चित्रं लोकांच्या मनात ठसली, त्यांतली बरीचशी त्याच्या कडेला घर असलेल्यांनी काढली आहेत, आणि त्या फोटोंनी या भूमीचं नशीबही थोडंफार बदललं.

ही जमीन ओसाड आहे, हा समज बाहेरून आलेल्यांचा. काविया आणि कुमेयाय लोकांचं हे पिढ्यान् पिढ्यांचं घर. वसंतात निळसर-जांभळ्या गोंड्यांनी फुलणारी इथली रानटी चिया ते बियांसाठी गोळा करत. आज दुकानात मिळणाऱ्या चियाची ही वाळवंटी बहीण, आणि सब्जासारखीच पाण्यात टाकली की फुगणारी. खुआन बाउतिस्ता दे अँझा हा स्पॅनिश सेनाधिकारी १७७४ मध्ये आजच्या मेक्सिकोतल्या सोनोराहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे जाताना इथून गेला आणि पुढच्या वर्षी वसाहतीसाठी माणसं घेऊन पुन्हा आला. त्याच्या लेखी बोरेगो हा पार करायचा टापू होता. नंतरच्या सोनं शोधणाऱ्यांचंही तेच.

कॅमेराही आधी पाहुणा म्हणूनच आला. टिमथी ओसलिव्हन हा अमेरिकी यादवी युद्धाचे फोटो काढलेला माणूस १८६७ मध्ये क्लॅरेन्स किंग यांच्या सरकारी सर्वेक्षणाबरोबर नेवाडात गेला. त्याच वर्षीचा कार्सन वाळवंटातल्या टेकड्यांचा त्याचा फोटो बारकाईनं बघण्यासारखा आहे. पांढऱ्याफट्ट वाळूत खेचरं जुंपलेली एक गाडी उभी आहे आणि त्या गाडीपासून कॅमेऱ्याच्या दिशेनं पावलांचे ठसे आलेले दिसतात. गाडी म्हणजे त्याची फिरती डार्करूम. तेव्हा काचेवर कोलोडियन ओतून, काच ओली असेपर्यंतच फोटो काढावा आणि धुवावा लागे. कोरड्या हवेत हाताशी काही मिनिटंच असत, म्हणून डार्करूमच वाळूत ओढत न्यावी लागली. त्या काचेला निळा प्रकाश तेवढा नीट कळे; आकाश कोरं पांढरं येई, पिवळा-केशरी रंग काळपट. अशा काचेवर सोनेरी फुलांचं शेतही काळं डबकं वाटलं असतं. फुलं त्या काळातल्या वाळवंटी फोटोंत जवळजवळ नाहीत, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे सर्वेक्षणवाल्यांना खडक, खाणी आणि वाटा हव्या होत्या.

चित्र बदललं ते विसाव्या शतकात, लोक वाळवंटाच्या कडेला राहायला आल्यावर. स्टीव्हन विलर्ड हा छायाचित्रकार १९२० च्या दशकात पाम स्प्रिंग्ज या लहानशा गावात स्थायिक झाला. मागच्या डोंगरावरचं बर्फ, दरीतले ताड, वाळूवर पसरलेला व्हर्बिनाचा जांभळा गालिचा हे सगळं तो वर्षानुवर्षं टिपत राहिला. रंगीत फिल्म अजून यायची होती, म्हणून मोठ्या प्रिंटवर तो हातानं रंग चढवी. त्याची पोस्टकार्डं हजारो घरांत पोचली. मला त्याचे फोटो आवडतात, कारण त्यांत घाई नाही. कुठल्या महिन्यात ऊन कुठे पडतं हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते फोटो आहेत.

विलर्डला एक मोठं काम दिलं मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट यांनी. मूळच्या मिसिसिपीच्या या बाई लग्नानंतर साउथ पॅसाडिनात राहत. बागेची आवड होती, तीतून वाळवंटाचा नाद लागला. १९२० च्या दशकात मोटारी आल्या आणि लॉस एंजेलिसची माणसं वाळवंटातून निवडुंग, युक्का, ताड उपटून आपल्या बागांत लावू लागली. पाम स्प्रिंग्जजवळचा डेव्हिल्स गार्डन हा निवडुंगांनी गच्च भरलेला पट्टा काही वर्षांत ओरबाडून निघाला. रात्री मोटारींना वाट दिसावी म्हणून जोशुआ ट्री या उंच वाढणाऱ्या युक्काची झाडं पेटवली जात. हॉइट बाईंनी ओळखलं की लोकांनी ही भूमी पाहिलेलीच नाही, म्हणून तिची किंमत नाही. १९२८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या पुष्पप्रदर्शनात वाळवंटच उभं केलं; पुढच्या वर्षी बॉस्टन आणि लंडन. खडक, वाळू, झाडं इकडून गेली आणि ताजी फुलं विमानानं मागवली गेली.

प्रदर्शन काही दिवसांत उठतं, फोटो मागे राहतो. १९३० मध्ये वाळवंटांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय संस्था काढल्यावर त्यांनी फिलिप मंझ आणि एडमंड जेगर या अभ्यासकांकडून अहवाल लिहून घेतले आणि विलर्डकडून फोटो. त्या फोटोंचे अल्बम अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोचवले. १० ऑगस्ट १९३६ रोजी रूझवेल्ट यांनी सव्वाआठ लाख एकरांचं जोशुआ ट्री राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. १९५० मध्ये खाणवाल्यांच्या दबावाखाली त्यातून मोठा तुकडा काढून घेतला गेला. १९९४ च्या कायद्यानं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या जमिनीतला बराच भाग परत आला. अल्बम एकट्यानं हे सगळं घडवलं असं म्हणता येणार नाही. रूझवेल्ट यांचं सरकार अशा गोष्टींना अनुकूल होतं. पण कधीही न पाहिलेल्या जागेसाठी सही करायची तर समोर काहीतरी दिसायला हवं, आणि ते जवळच राहणाऱ्या एका माणसाच्या कॅमेऱ्यातून आलं.

याच सुमारास नामवंतही वाळवंटाकडे वळले. एडवर्ड वेस्टन यांना १९३७ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप ही मानाची शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळालेले ते पहिले छायाचित्रकार. त्यांनी कॅलिफोर्नियातल्याच डेथ व्हॅली या वाळवंटात काम केलं, ॲन्सल ॲडम्स यांनी तिथल्या वाळूच्या टेकड्यांचा पहाटेचा प्रसिद्ध फोटो १९४८ मध्ये काढला. दोघांचं वाळवंट काळं-पांढरं, आकारांचं, सावल्यांचं. फुलांना मात्र रंग हवा होता. १९३६ मध्ये साध्या कॅमेऱ्यासाठी कोडाक्रोम फिल्म आली आणि हौशी माणसाच्या हाती रंग आला. ॲरिझोना हायवेज हे राज्याच्या महामार्ग खात्याचं मासिक. त्याचा डिसेंबर १९४६ चा अंक संपूर्ण रंगीत निघाला. दक्षिण कॅलिफोर्नियात एल सेंट्रोहून रँडल हेंडरसन १९३७ पासून डेझर्ट मॅगझिन काढत होते आणि त्यात वाचकांच्या फोटोंची स्पर्धा असे.

कोडाक्रोम फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, आजच्या आयएसओच्या हिशेबानं दहाच्या आसपास होता. फोनवर सहज शंभर-दोनशे ठेवणाऱ्याला त्यातली अडचण पटकन जाणवणार नाही. वाळवंटात सूर्य वर आला की वारा सुटतो आणि हातभर देठावरचं फूल डोलू लागतं. एवढ्या मंद फिल्मवर त्याचा नुसता फराटा उमटायचा. म्हणून लोक पहाटे पोचत, आणि आजही पोचतात. वाळूतली पांढरी इव्हनिंग प्रिमरोझ संध्याकाळी उमलते आणि उन्हं चढली की गुलाबी पडून मिटते. तिचं झाड मेलं की त्याच्या फांद्या आत वळून पिंजऱ्यासारख्या होतात. व्हर्बिनाचे देठ आणि पानं चिकट, त्यांना वाळूचे कण डकलेले असतात. जवळून फोटो काढताना ते कण स्पष्ट दिसले पाहिजेत, नाहीतर ते फूल कुठल्याही बागेतलं वाटतं. फाइव्हस्पॉटच्या गुलाबी वाटीत पाच लाल ठिपके असतात, ते बघायला वरून वाकावं लागतं. काही फुलं तर इतकी बुटकी की पोटावर आडवं झाल्याशिवाय कॅमेऱ्याला सापडतच नाहीत.

बहर कधी येतो, हे कोडं उलगडायला फ्रिट्स वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाचं काम फार उपयोगी पडलं. १९४० च्या दशकात पॅसाडिनाच्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत त्यांनी वाळवंटातली माती आणून तिच्यावर कृत्रिम पाऊस पाडला. साधारण इंचभर पाऊस झाला तर बिया रुजत, शिंतोड्यांना दाद देत नसत. तेच पाणी खालून मुरवलं, तर माती ओली होऊनही बी हलत नसे. बियांच्या आवरणात रुजण्याला अटकाव करणारी द्रव्यं असतात. वरून पडणारं पाणी ती धुऊन नेतं, तेव्हाच बी उगवतं. शिवाय पावसाच्या वेळी थंडी असेल तर एक जात उगवते, उकाडा असेल तर दुसरी. म्हणजे शरदात एक दमदार सर, मग हिवाळाभर बेतानं ओल, आणि गरम कोरडा वारा नको. इतकं जुळून येणं दुर्मीळच.

एवढ्या बेभरवशाच्या गोष्टीची बातमी पोचवायची कशी? अँझा-बोरेगो उद्यानानं काढलेली युक्ती मला फार भावते. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पोस्टकार्ड पाकिटात घालून उद्यानाकडे पाठवायचं. बहर भरात येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी उद्यानाचे कर्मचारी ती कार्डं टपालात टाकत. कार्ड आलं की सामान बांधायचं. १९८३ पासून लॉस एंजेलिसच्या थिओडोर पेन फाउंडेशननं टेलिफोनवर फुलांची खबर द्यायला सुरुवात केली. वसंतात दर आठवड्याला नवी ध्वनिफीत. ज्याला खरंच ओढ होती तोच हे करे, त्यामुळे येणारी माणसं बेतानं येत.

फोनवरच्या फोटोंनी तो बांध फुटला. २०१७ च्या मार्चमध्ये जेमतेम काही हजार वस्तीच्या बोरेगो स्प्रिंग्जमध्ये इतके लोक लोटले की हॉटेलांतलं खाणं संपलं. २०१९ मध्ये लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅनियनमध्ये केशरी पॉपी फुलल्या. ते खरं तर वाळवंट नव्हे, डोंगरउतार आहेत. पण गर्दी तीच. लोक फोटोसाठी फुलांत लोळले, उतारांवर नव्या पायवाटा पडल्या. शहरानं तात्पुरता रस्ता बंद केला, आणि २०२३ मध्ये तर बहर येण्याआधीच दरी बंद ठेवली. कासच्या पठारावर युनेस्कोचा शिक्का बसल्यावर काय झालं हे आपण पाहिलं आहे. तिथेही ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ठरावीक माणसं असा नियम आणावा लागला. यात फोटो काढणाऱ्याचा वाटा आहे, हे आम्ही हौशी लोकांनी सरळ मान्य करायला हवं. नेमकी जागा जाहीर न करता उद्यानाचं किंवा दरीचं नाव तेवढं देणं, हा शिरस्ता इथे बऱ्याच जणांनी आता पाळायला घेतला आहे.

जवळच्या माणसाच्या फोटोला दुसरीही एक किंमत आहे. ॲरिझोनात टूसॉनच्या टुमामॉक टेकडीवर १९०३ मध्ये वाळवंटी प्रयोगशाळा सुरू झाली. तिथल्या अभ्यासकांनी पुढे जुन्या फोटोंच्या नेमक्या जागी उभं राहून, तोच कोन साधून पुन्हा फोटो काढायची पद्धत रुजवली. कुठला सवारो निवडुंग पडला, कुठे नवी झुडपं आली, हे दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतं. दक्षिण कॅलिफोर्नियातही आता अशी जोडी लागते आहे. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात मोहावे अभयारण्यातल्या सिमा डोमवरची अंदाजे तेरा लाख जोशुआ ट्री जळाली. त्या रानाचे हौशी प्रवाशांनी काढलेले सुटीतले फोटो ही आता नोंद झाली आहे.

बोरेगोत संकट जमिनीलगत आहे. १९२७ मध्ये कोचेला खोऱ्यात पहिल्यांदा नोंदली गेलेली सहारा मोहरी चांगल्या पावसाच्या वर्षी सगळ्यांच्या आधी उगवते, ओल शोषून घेते आणि व्हर्बिना, प्रिमरोझ यांना जागा ठेवत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी जिथे जांभळे गालिचे टिपले गेले, तिथल्या काही भागांत आता मोहरीच्या हिरव्या-पिवळ्या काड्या उभ्या असतात. गावातले स्वयंसेवक हिवाळ्यात, मोहरीला शेंगा धरायच्या आत, ती हातानं उपटतात. कुठून सुरुवात करायची हे ठरवायला जुने, तारीख आणि जागा लिहून ठेवलेले फोटो उपयोगी पडतात. त्यामुळे घरातल्या कपाटात पडलेल्या स्लाइड्सवर मागे पेन्सिलीनं लिहिलेलं वर्ष आणि ओढ्याचं नाव आधी वाचावं, आणि मग त्या स्कॅन कराव्यात.