नागपूरहून जर्मनीला नोकरीसाठी जाताना : पात्रता, कागदपत्रं, व्हिसा आणि राहायला घर

जर्मनीतल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं की सगळं लक्ष व्हिसाकडे लागतं आणि घराचं "तिकडे गेल्यावर बघू" होतं. काही जण याच्या उलट करतात. नागपुरात बसून, मोबाइलवर फोटो पाहून वर्षभरासाठी घर पक्कं करतात आणि दोन-तीन महिन्यांचं भाडं आगाऊ पाठवून मोकळे होतात. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात पैसा. आमच्या मते क्रम असा असावा : आधी पदवीची मान्यता आणि नावांची जुळवाजुळव, मग व्हिसा, मग सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांसाठी पत्त्याची सरकारी नोंदणी करता येईल असं तात्पुरतं घर. कायमचं घर तिथे पोचल्यावर स्वतः पाहूनच घ्यावं.

खालची माहिती पदवीधर नोकरदारांसाठी, मुख्यतः ईयू ब्लू कार्डवर (पदवीधर परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना) जाणाऱ्यांसाठी आहे. शिकायला जाणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचा दाखला) लागतं आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. डॉक्टर आणि नर्स यांना व्यवसायाचा परवाना आधी मिळवावा लागतो, त्यामुळे त्यांची वाटही निराळी.

पात्रता

ब्लू कार्डसाठी मान्य पदवी, त्या पदवीला साजेशा नोकरीचा किमान सहा महिन्यांचा करार आणि ठरावीक पगार लागतो. २०२५ साली ही मर्यादा करकपातीपूर्वी वर्षाला ४८,३०० युरो होती. आयटी, इंजिनिअरिंग यांसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांना आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांना ती ४३,७५९.८० युरो होती. आकडा दर १ जानेवारीला बदलतो. तुमचा पगार जेमतेम मर्यादेवर असेल आणि अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर असेल, तर एचआरशी आधीच बोलून घ्या. ब्लू कार्डसाठी जर्मन भाषेची अट नाही. घर शोधताना मात्र ती फार उपयोगी पडते.

पदवी मान्य आहे की नाही हे 'अनाबिन' या जर्मन सरकारी डेटाबेसमध्ये पाहायचं. संस्थेसमोर 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त असल्याची खूण, हवी आणि अभ्यासक्रमासमोर समकक्ष असल्याचा शेरा हवा. दोन्ही पानांचे प्रिंट अर्जाला जोडतात. इथे नागपूरकरांची गफलत होते ती कॉलेजचं नाव शोधल्यामुळे. शोधायचं असतं पदवी देणाऱ्या संस्थेचं नाव. संलग्न कॉलेजातून बीई केलं असेल तर पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची असते. नामांतर २००५ सालचं, त्यामुळे त्याआधीच्या पदवीवर नुसतं नागपूर विद्यापीठ दिसेल. व्हीएनआयटी २००२ मध्ये एनआयटी झाली. त्याआधी ती व्हीआरसीई होती, तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी प्रमाणपत्रावरचं नाव पाहूनच शोध घ्यावा. संस्था सापडली पण अभ्यासक्रम सापडला नाही, तर 'झेडएबी'कडून (परदेशी पदव्यांची तुलना करणारं जर्मन सरकारी कार्यालय) पदवीचं तुलनापत्र मागवावं लागतं. त्याची फी २०८ युरो आहे. त्याला काही महिनेही लागू शकतात, म्हणून मुलाखती सुरू असतानाच हे काम मार्गी लावलेलं बरं.

नावांची जुळवाजुळव

अर्ज अडकतात ते बहुधा इथेच. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि 'गिव्हन नेम'मध्ये बहुतेकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. जर्मनीतला कारकून पासपोर्टच प्रमाण मानतो. तुमच्या पासपोर्टवर 'अमोल सुरेश' असं असेल तर तिथे ते अख्खं तुमचं पहिलं नाव. मग नोकरीचा करार, विमा, बँक, घराचा करार, सगळीकडे हेच नाव याच क्रमाने घाला. एचआरने ई-मेलवरून सोयीचं नाव उचलून करार केला असेल तर सहीपूर्वीच दुरुस्त करून घ्या. आडनावाचा रकाना कोरा असलेला पासपोर्ट मात्र इथूनच दुरुस्त करून न्यावा, तिथे गेल्यावर तो प्रत्येक फॉर्मवर छळतो.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात किमान दोन पानं कोरी हवीत. नवीन किंवा री-इश्यूसाठी ३६ पानी पुस्तिकेची फी १,५०० रुपये, ६० पानी पुस्तिकेची २,०००. तत्काळचे आणखी २,०००. नाव किंवा पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणी पुन्हा होऊ शकते, तेवढी सवड हाताशी ठेवा.

नवरा-बायको दोघं जाणार असतील तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेल. पत्रिका आणि फोटो म्हणजे नोंदणी नव्हे. शहरात लग्न झालं असेल तर महापालिकेच्या दहा झोन कार्यालयांपैकी आपल्या झोनमध्ये चौकशी करा, गावी झालं असेल तर ग्रामपंचायतीत. लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर, माहेरचं पदवीवर आणि तिसरंच काही आधारवर, अशी तऱ्हा घरोघरी असते. पदवी बदलायची गरज नाही. जुनं आणि नवं नाव जोडणारा एक अधिकृत कागद, म्हणजे विवाह प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद, सोबत असली की काम भागतं. मुलांच्या जन्म दाखल्यावर बाळाचं नाव घातलेलं आहे ना, आणि आई-वडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टशी जुळतात ना, हे आत्ताच पाहा. निव्वळ मराठीतल्या दाखल्याला भाषांतर जोडावं लागतं.

अपोस्टिलबद्दल (परदेशात वापरायच्या कागदावर मारला जाणारा सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का) एवढंच, की चेकलिस्टमध्ये मागितलं असेल तरच करा. सगळ्या गुणपत्रिकांवर ते शिक्के मारून देणारे एजंट बरेच आहेत. न मागितलेल्या शिक्क्याने अर्ज जड होतो, मजबूत होत नाही.

व्हिसा

महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. नोकरीचा व्हिसा म्हणजे राष्ट्रीय 'डी' व्हिसा. त्याचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर भरता येतो. कागद स्कॅन करून चढवायचे, त्यांची प्राथमिक छाननी होते, आणि मग मूळ कागद आणि बोटांच्या ठशांसाठी अपॉइंटमेंट मिळते. प्रौढांची फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची.

लागणारे कागद : सही झालेला नोकरीचा करार, कंपनीने भरून दिलेलं 'नोकरीविषयक निवेदन' (हा सरकारी छापील फॉर्म आहे, कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र त्याऐवजी चालत नाही), पदवी आणि गुणपत्रिका, अनाबिनचे प्रिंट, बायोडाटा, पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, आणि प्रवासाच्या दिवसापासून नोकरीचा विमा सुरू होईपर्यंतच्या मधल्या काळाचा आरोग्य विमा. हा मधला विमा हटकून राहून जातो. नोकरी १ तारखेला सुरू आणि विमान २० तारखेचं असेल, तर ते दहा-बारा दिवस कोणाच्या विम्यात, हा प्रश्न अधिकारी विचारतोच.

फॉर्मवर जर्मनीतला पत्ता विचारतात, तिथे तात्पुरत्या मुक्कामाचा पत्ता चालतो. त्यासाठी वर्षभराचा भाडेकरार करायची गरज नाही. विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोने रात्रभर प्रवास करून मुंबईला पोचायचं आणि एका झेरॉक्सपायी परत यायचं, हे टाळायचं तर चेकलिस्टच्या क्रमाने दोन पूर्ण संच नागपुरातच लावून न्या.

घर : आधी कोणतं, नंतर कोणतं

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेकडे पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. उशीर झाला तर १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' लागतं, म्हणजे "अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहायला आली" असा एक पानी दाखला. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. पुढचं सगळं या नोंदणीवर टांगलेलं असतं. नोंदणी झाली की काही आठवड्यांत ११ अंकी कर क्रमांक टपालाने येतो. तो कंपनीला वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त, कपात होते. जादा गेलेले पैसे पुढे परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात खिसा रिकामा होतो. परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचं कार्ड काढतानाही हीच नोंदणी दाखवावी लागते.

म्हणून तात्पुरतं घर बघताना भाड्याआधी एकच प्रश्न, तोही लेखी : "इथे आनमेल्डुंग करता येईल का, आणि मालकाचा दाखला मिळेल का?" सुट्टीसाठी दिली जाणारी बरीच घरं हा दाखला देत नाहीत. कंपनीचं गेस्ट हाउस, महिन्याच्या कराराने फर्निचरसह मिळणारी घरं, किंवा एखाद्या भाडेकरूकडून पोटभाड्याने घेतलेली खोली (मूळ मालकाची परवानगी असेल तर) हे पर्याय धरा. ओळखीच्या मराठी माणसाकडे राहणार असाल तर खरोखर राहतानाच त्याच्याकडून दाखला घ्या. न राहता नुसता पत्ता वापरण्यासाठी खोटा दाखला देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो यजमान तुमच्यामुळे गोत्यात येतो.

कायमच्या घराच्या जाहिराती वाचताना आपले हिशेब बदलावे लागतात. तिथे स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडून खोल्या मोजतात. 'दोन झिमर' म्हणजे आपला वन बीएचके, 'तीन झिमर' म्हणजे टू बीएचके. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट, तेही राहण्याजोगं. मनीषनगरच्या बिल्डरच्या सुपर बिल्ट-अपशी त्याची तुलना करू नका.

भाडं दोन प्रकारचं. 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या जागेचं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई मिळवली की 'वार्ममीटे'. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा याहून वेगळं, शिवाय प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क, टीव्ही असो वा नसो. समजा काल्टमीटे ९०० आणि वरखर्च २५०, तर दर महिन्याला १,१५० मालकाला. अनामत काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे इथे कमाल २,७००, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. पहिल्या महिन्याची तजवीज अशी निदान २,०५० युरोंची हवी : १,१५० भाडं आणि अनामतीचा ९०० चा पहिला हप्ता. वरखर्च अंदाजे घेतलेला असतो. वर्षअखेरीनंतर हिशेब येतो आणि कडाक्याच्या हिवाळ्यात हीटिंग मोकळेपणाने वापरलं असेल तर फरक भरावा लागतो.

स्वयंपाकघर ही सर्वांत मोठी ठेच. पुष्कळ घरं ओट्याशिवाय मिळतात : ना सिंक, ना शेगडी, भिंतीतून नुसते नळाचे पाइप. जाहिरातीत 'ईबीके' असेल तर किचन बसवलेलं आहे. नाहीतर आधीचा भाडेकरू आपलं किचन तुम्हाला विकू पाहील. भाव करायला हरकत नाही, पण काय काय मिळणार याची यादी लेखी घ्या. खोल्यांत दिवेही अनेकदा नसतात. विजेचा दाब २३० व्होल्ट, आपल्यासारखाच, त्यामुळे मिक्सर चालेल. आपली तीन पिनांची प्लग मात्र तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, तेव्हा चटणी वाटू नये.

अर्ज करताना मालक पगाराच्या तीन पावत्या आणि 'शूफा' हा पतअहवाल मागतात. नव्याने आलेल्याकडे दोन्ही नसतात. मग नोकरीचा करार, कंपनीचं पगाराचं पत्र, पासपोर्ट-व्हिसाची प्रत, बँकेचं शिल्लकपत्र आणि स्वतःची ओळख करून देणारं जर्मन भाषेतलं अर्ध्या पानाचं पत्र अशी एकच पीडीएफ तयार ठेवा. चांगल्या घराला पहिल्या काही तासांतच ढीगभर अर्ज येतात, दुसऱ्या दिवशी पाठवलेला अर्ज कुणी उघडतही नाही. दलालाची फी तो ज्याने नेमला त्याने द्यायची, हा भाड्याच्या घरांचा नियम १ जून २०१५ पासून आहे. मालकाच्या दलालाने तुमच्याकडे कमिशन मागितलं तर देऊ नका.

"मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअरने येईल" ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. शहराच्या मधोमध, बाजारभावाच्या निम्म्यात, सुंदर फोटो. घर पाहिल्याशिवाय आणि करार झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका, आणि अशा जाहिरातदाराला पासपोर्टचं स्कॅन तर अजिबात नाही.

निघण्यापूर्वी नागपुरातलं

इथला फ्लॅट भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा आणि सह्या करणाऱ्या नातेवाइकाला निघण्याआधीच कुलमुखत्यारपत्र करून द्या. तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूला भाड्यातून टीडीएस कापावा लागतो, हे त्याला आधी सांगा, नंतर वाद नको. बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात, बदलायचं असतं. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स जर्मनीत स्थायिक झाल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यापुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते.

ताबा घेताना आणि नंतर

कायमच्या घराची चावी घेताना 'युबरगाबेप्रोटोकोल', म्हणजे ताबापत्र, सावकाश भरा. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, खिडकीची बिजागरी, वीज आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, चाव्यांची संख्या लिहा आणि फोटो काढा. लिहिलं नाही ते घर सोडताना तुमच्या अनामतीतून वसूल होतं. टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव त्याच दिवशी लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो, आणि त्यात बँकेचं कार्डही असतं. थंडी म्हणून खिडक्या कायम बंद, आत कपडे वाळत, वर रोजची फोडणी, यातून ओल धरते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी येते. तो खर्च मालक तुमच्यावर टाकू पाहतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, हिवाळ्यातसुद्धा.

घर बदलल्यावर दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंदणी पुन्हा करायची, नव्या मालकाच्या दाखल्यासह. निवास परवान्याच्या कार्डावरचा पत्ता बदलून घ्या आणि जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्याकडे वळवण्याची सेवा टपाल खात्याकडून सहा महिन्यांसाठी घ्या. पुढे हेही घर सोडायचं असेल तर नोटीस तीन महिन्यांची, सही केलेल्या कागदावर, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडलेली हवी. ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस धरली जात नाही, आणि एक दिवस उशीर झाला तर आणखी एक महिन्याचं भाडं लागतं.