सेमी जॉइन हा कॉलम कमी केलेला इनर जॉइन नव्हे

आर या प्रोग्रामिंग भाषेत डीप्लायर हे टेबलं हाताळणारं पॅकेज वापरणाऱ्यांना इनर जॉइन नव्याने सांगायला नको. 'की', म्हणजे ज्यावरून ओळी जुळवायच्या तो रुग्ण क्रमांकासारखा कॉलम, जुळली की दोन्ही टेबलांचे कॉलम एका ओळीत येतात. घोळ होतो तो 'निदान एकदा तपासणीला आलेले रुग्णच ठेवा' अशा कामात. इथे काहीही जोडायचं नसतं, फक्त गाळायचं असतं. त्यासाठी सेमी जॉइन आहे: दुसऱ्या (उजवीकडच्या) टेबलात जोड असलेल्या पहिल्या (डावीकडच्या) टेबलातल्या ओळीच तो ठेवतो. तरी सवयीने इनर जॉइन लावला जातो आणि मागून सिलेक्टने नको ते कॉलम उडवले जातात. कॉलम जातात, पण वाढलेल्या ओळी तशाच राहतात.

समजा, रुग्ण चार आहेत, वयं 30, 40, 80 आणि 25. भेटींच्या टेबलात पहिल्या दोघांची एकेक नोंद, 80 वर्षांच्या आजींच्या चार, चौथ्याची एकही नाही. सेमी जॉइन केला तर तीन ओळी मिळतात, सरासरी वय 50. इनर जॉइन केला तर सहा ओळी, सरासरी 65. आजी चार वेळा मोजल्या गेल्या! सेमी जॉइन फक्त 'जोड आहे की नाही' एवढंच पाहतो. जोड किती आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून डावीकडची ओळ कधीच दुप्पट होत नाही.

यात एररही येत नाही. डीप्लायर 1.1.1 पासून इशारा मिळतो तो दोन्ही बाजूंना की पुन्हा पुन्हा आल्या तरच. इथे रुग्णांची की एकेकदाच आहे, त्यामुळे सगळं शांतपणे पार पडतं आणि चुकीची सरासरी अहवालात जाते.

यावर डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या ओळींतली एकच ठेवणारं फंक्शन, लावणं मला अजिबात पटत नाही. भेटीची तारीख टेबलात असेल तर ओळी वेगळ्याच ठरतात, एकही गळत नाही. तारीख काढून लावलं तर मूळ टेबलातल्या खऱ्याखुऱ्या सारख्या ओळीही जातात. शिवाय आधी टेबल फुगवायचं आणि मग छाटायचं, यात मेमरी वाया जाते ती वेगळीच.

अँटी जॉइन याच्या बरोबर उलट, जोड नसलेले ठेवणारा. एकाच कॉलमची की असेल तर फिल्टरमध्ये 'किंमत यादीत आहे का' पाहणारा इन ऑपरेटर लावूनही भागतं. जिल्हा आणि वर्ष अशी दोन कॉलमांची की असेल तर मात्र ते टाळा: दोन्ही अटी वेगवेगळ्या तपासल्या जातात आणि दुसऱ्या टेबलात कधीच एकत्र न आलेल्या जोड्याही आत शिरतात. सेमी जॉइन पूर्ण जोडी जुळवतो.

उजवीकडचा एखादा कॉलम खरंच हवा असेल तर इनर जॉइनच वापरा, पण रिलेशनशिप या आर्ग्युमेंटमध्ये मेनी-टू-वन लिहा. मग उजवीकडे जोड एकापेक्षा जास्त निघाली की कोड तिथेच थांबतो.