केशराचं दूध आणि बाळाचा रंग

‘गरोदरपणी रोज केशर-दूध घेतलं की बाळ गोरं होतं,’ हा निरोप डोहाळजेवणाआधीच घरी पोचतो. सासूबाई डबीतून दोन काड्या मोजून टाकतात, नवरा पेला पुढे करतो. माया खरी, रंगाशी संबंध मात्र नाही.

कातडीचा रंग मेलॅनिन या कातडीतल्या रंगद्रव्यावर ठरतो. ते किती बनायचं, हे आई-बाबा दोघांकडून आलेली जनुकं ठरवतात, आणि ती गर्भ राहतानाच पक्की झालेली असतात. नंतर घेतलेल्या केशराने ती बदलत नाहीत.

पडताळा घरातच आहे. जुळी भावंडं आठवा: एकच पोट, एकच पेला, तरी एक उजळ, एक सावळं असू शकतं. शिवाय जन्मानंतर काही महिने बाळाचा रंग बदलत राहतो, त्यामुळे बारशालाच ‘केशर लागू पडलं’ म्हणणं घाईचं.

दूध जरूर घ्या, कॅल्शियम मिळतं. केशर चवीपुरतंच, जास्त घेणं गरोदरपणी धोक्याचं.