टुरिंगच्या मोटारसायकलवर स्टिकर आले कोठून?

लेहच्या मुख्य बाजारात लोकरी टोप्या आणि टी-शर्ट विकणाऱ्या दुकानांत तळहाताएवढे स्टिकर हमखास मिळतात, आणि त्यांतल्या बहुतेकांवर ‘खारदुंग ला’ या नावाखाली १८,३८० फूट अशी उंची छापलेली असते. आधुनिक मोजणीनुसार ही खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट उंचीवर आहे. जुना आकडा खिंडीतल्या फलकावरून स्टिकरवर उतरला आणि स्टिकरवरून देशभरातल्या मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्यांवर गेला. आठशे फुटांची ही चूक ठाऊक असलेले रायडरही तोच स्टिकर लावतात, कारण तो उंचीची नोंद म्हणून लावलेला नसतोच. आपली गाडी तिथवर चढली होती, एवढेच त्यातून सांगायचे असते. प्रवासाची खूण वाहनावर किंवा सामानावर वागवण्याची ही रीत मोटारसायकलीपेक्षा जुनी आहे. पूर्वी मात्र ती खूण प्रवाशाला दुसरे कोणीतरी देत असे. ती स्वतः विकत घेऊन चिकटवण्याची सोय बऱ्याच उशिरा झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या आणि पुढे आशियातल्या मोठ्या हॉटेलांनी प्रवाशांच्या ट्रंकांवर आपली रंगीत लेबले चिकटवायला सुरुवात केली. नेपल्सच्या रिश्टर अँड कंपनीसारखे छापखाने या कामासाठी नावाजले होते. मुंबईत १९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलचीही अशी लेबले होती आणि संग्राहकांकडे ती आजही आढळतात. लेबल हॉटेलचा नोकर लावत असे, त्यामुळे हॉटेलची फुकट जाहिरात होत असे आणि सामान चुकीच्या ठिकाणी जाण्याचा धोकाही कमी होत असे. प्रवाशाला मात्र त्यातून वेगळाच लाभ झाला. पाच-सहा शहरांची लेबले वागवणारी ट्रंक फलाटावर ठेवली की मालकाला स्वतःविषयी काही सांगावे लागत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास वाढला, जड ट्रंका मागे पडल्या, आणि १९६०च्या दशकापर्यंत ही लेबले जवळपास संपली.

वाहनावरच्या खुणेचा उगम याहून रुक्ष, म्हणजे सरकारी आहे. १९०९ साली पॅरिस येथे झालेल्या मोटार वाहतुकीविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या मागे लंबगोल पाटी आणि तीवर देशाची आद्याक्षरे असणे आवश्यक ठरले. पुढे १९४९च्या जिनिव्हा आणि १९६८च्या व्हिएन्ना करारांनी हीच पद्धत चालू ठेवली. पांढऱ्या लंबगोलातली ती काळी अक्षरे आज पर्यटनस्थळांच्या स्टिकरांवर सर्रास नकलली जातात, आणि त्या आकाराचे मूळ एका करारातल्या कलमात आहे, हे लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. भारताची ‘आयएनडी’ ही तीन रोमन अक्षरे परदेशी निघालेल्या रायडरच्या गाडीवर अशाच लंबगोलात दिसतात.

मोटारसायकलींवर चिकटवलेली पहिली चित्रे मात्र प्रवासाची नव्हती. ती कंपन्यांची होती. इंग्लंडमधले कारखाने टाकीवर आणि टूलबॉक्सवर आपले नाव ‘ट्रान्सफर’ने उमटवत. कागदावर उलटी छापलेली नक्षी पाण्याच्या किंवा वॉर्निशच्या मदतीने पत्र्यावर उतरवून वर पारदर्शक थर देण्याची ही पद्धत होती. ते काम नाजूक होते आणि एकदा बिघडले की दुरुस्तीला वाव नव्हता, त्यामुळे सामान्य मालक त्याच्या वाटेला जात नसे. १९५५ साली इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कंपनीच्या भागीदारीत मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, तेव्हा टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढण्याची पद्धतही तिकडे रुजली, आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातल्या कारागिरांचा हात त्यासाठी पुढे प्रसिद्ध झाला.

पाणी, डिंक आणि वॉर्निश यांच्याविना नुसत्या बोटाने दाबून चिकटणारे लेबल १९३५ साली लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन एव्हरी यांनी बाजारात आणले. त्यासाठीचे यंत्र त्यांनी धुलाईयंत्राची मोटर आणि शिवणयंत्राचे सुटे भाग वापरून जुळवले होते. त्याच दशकाच्या अखेरीस थ्रीएम कंपनीने प्रकाश आल्या दिशेने परत फेकणारा पातळ पत्रा (शीट) तयार केला, आणि रस्त्यावरच्या फलकांसाठी त्याचा वापर १९३९पासून सुरू झाला. मऊ, लवचीक व्हिनाइल तर त्याआधीच, १९२६च्या सुमारास, वॉल्डो सेमन यांच्या प्रयोगांतून हाती आले होते. आजच्या स्टिकरला लागणाऱ्या या तिन्ही गोष्टी महायुद्धापूर्वी तयार होत्या. त्या एकत्र येऊन गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचायला पुढची चार-पाच दशके लागली.

मधल्या काळात युरोपातल्या मोटारसायकलस्वारांनी धातूच्या बिल्ल्यांवर भागवले. १९५६ साली जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या सॉलिट्यूड येथे ‘एलेफांटेनट्रेफेन’ म्हणजे हत्तींचा मेळावा हे हिवाळी संमेलन सुरू झाले. त्सुंडाप कंपनीच्या ‘हिरवा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीवरून त्याला हे नाव पडले होते. ऐन थंडीत, बर्फातून गाडी चालवत तिथे पोहोचणाऱ्यांच्या जॅकेटवर त्या वर्षाचा बिल्ला लागे. हॉटेलच्या लेबलाप्रमाणेच हा बिल्लाही आयोजकांकडून मिळायचा, आणि तिथे न जाता तो मिरवणे कमीपणाचे समजले जाई.

मोटारसायकलीचे अंगच स्टिकरांनी भरून टाकण्याची दृष्टी आली ती शर्यतींतून, विशेषतः पॅरिस-डाकार रॅलीतून. पहिली रॅली २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारकडे निघाली. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही रस्त्यावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारी गाडी काढली, आणि पुढच्याच वर्षी या कंपनीने डाकार जिंकली. तेल, टायर, सिगारेट यांच्या प्रायोजकांची नावे अंगभर वागवणाऱ्या या गाड्यांची छायाचित्रे जगभर गेली. लांब पल्ल्याची गाडी म्हणजे अशी, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. प्रायोजकांच्या जागी हौशी रायडरने देशांची आणि खिंडींची नावे घातली, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणारे अॅल्युमिनियमचे चौकोनी पॅनिअर (सामानाच्या पेट्या) त्याला आयतेच सापडले. सपाट, गुळगुळीत आणि रंग न दिलेला तो पत्रा म्हणजे जुन्या ट्रंकेची बाजूच होती.

आपल्याकडची कथा इथून वेगळी होते. महाराष्ट्रात गाडीच्या अंगावर पहिली खूण उमटते ती शोरूमच्या दारातच, टाकीवर बोटाने काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाची. दर दसऱ्याला झेंडूच्या हारासोबत ती पुन्हा काढली जाते. तिच्या मागोमाग पेंटर येतो. एनॅमल रंगाचे डबे आणि बारीक ब्रश घेऊन बसलेला हा माणूस नंबरप्लेटवर आकडे काढता काढता वरच्या पट्टीत ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ किंवा कुलदैवताचे नाव लिहून देत असे. ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ हे अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचे वचन मागच्या मडगार्डावर लिहिलेले असते तेव्हा ते अक्षरशः पाठीशी असते. या जागेची निवड ज्याने प्रथम केली त्याच्या विनोदबुद्धीला किंवा श्रद्धेला, दोहोंपैकी जे असेल त्याला, दाद द्यावी लागेल. या खुणा प्रवास सुरू होण्याआधी लावायच्या असतात. त्या रक्षण मागतात, कुठे गेलो हे सांगत नाहीत. टुरिंगच्या गाडीवर आज गणपती आणि खारदुंग ला शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत.

ही दोन घराणी एकत्र आली ती रेडियमवाल्याच्या दुकानात. प्रकाशात चमकणाऱ्या चिकट पत्र्याला आपल्याकडे ‘रेडियम’ म्हणतात, आणि आता तर न चमकणाऱ्या व्हिनाइललाही तेच नाव चालते. या पत्र्यात रेडियम हे मूलद्रव्य कणभरही नसते; त्यात असतात काचेचे सूक्ष्म मणी, जे हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परतवतात. अंधारात काटे दिसणाऱ्या जुन्या घड्याळांत खरोखरच रेडियमयुक्त रंग वापरला जाई. अंधारात उठून दिसते ते रेडियम, असे समीकरण तिथूनच जमले असावे. सुरुवातीला हा पत्रा ब्लेडने हातानेच कापला जाई, आणि चांगला रेडियमवाला म्हणजे ज्याचा हात ‘श्री’च्या वळणावर थरथरत नाही असा माणूस. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या गर्बर कंपनीने संगणकाच्या आज्ञेवर व्हिनाइल कापणारी यंत्रे आणली, आणि कालांतराने त्यांचे स्वस्त वंशज, ज्यांना सगळे ‘प्लॉटर’ म्हणतात, तालुक्याच्या गावीही पोहोचले.

प्लॉटरचे काम पाहण्यासारखे असते. त्याचे पाते वरचा रंगीत थर कापते आणि खालच्या कागदाला धक्का लावत नाही. मग कारागीर सुईने किंवा चिमट्याने नको असलेला भाग सोलून काढतो. ‘ठ’ किंवा ‘ळ’ यांच्या पोटातले तुकडे काढताना त्याचा वेग मंदावतो. उरलेल्या अक्षरांवर चिकट पारदर्शक कागद दाबून ती अखंड उचलली जातात. टाकी पुसून तिच्यावर साबणाचे पाणी शिंपडतात, म्हणजे अक्षरे लगेच न धरता थोडी सरकवता येतात, आणि एखादे जुने एटीएम कार्ड फिरवून आतले पाणी व हवा बाहेर काढली जाते. टाकीच्या गोलाईवर पत्रा सुरकुतला तर केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब देतात.

या यंत्राने केवळ काम सोपे केले नाही, तर कोणती चित्रे गाड्यांवर दिसणार हेही ठरवून टाकले, असे माझे मत आहे. एकाच रंगाच्या पत्र्यातून कापून काढायचे तर छटा चालत नाहीत, ठळक बाह्यरेषा लागते. क्रांतिकारक चे गेव्हाराचा चेहरा जगभरच्या गाड्यांवर पोहोचला त्यात त्याच्या विचारांचा वाटा किती हे सांगणे अवघड आहे. पण अल्बर्टो कोर्डा यांनी १९६० साली हवानात टिपलेल्या त्या छायाचित्राला १९६८ साली जिम फिट्झपॅट्रिक यांनी दोन-तीन सपाट रंगांत आणले नसते, तर ते पत्र्यातून कापता आले नसते, एवढे नक्की. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या कुंबळे गावच्या तरुणांसाठी करण आचार्य यांनी २०१५ साली काढलेला हनुमानाचा करारी चेहरा भगव्या आणि काळ्या अशा दोनच रंगांत होता. तो झेंड्यासाठी काढला होता, आणि थोड्याच काळात बेंगळुरूच्या मोटारींच्या मागच्या काचांवरून देशभर पसरला. जिरेटोप घातलेली शिवरायांची बाजूने दिसणारी मुद्रा याच कारणाने कोणत्याही प्लॉटरवर सुरेख उतरते. अष्टकोनी राजमुद्रेतल्या संस्कृत ओळी मात्र लहान आकारात सोलणे जिकिरीचे असते, म्हणून ती बहुधा छापूनच घ्यावी लागते.

प्रवासाच्या स्टिकरला लागणारा रस्ता खुला होण्यासही वेळ लागला. लडाख पर्यटकांसाठी १९७४ साली उघडले, खारदुंग लाचा रस्ता १९७६ साली बांधला गेला आणि सर्वसामान्य वाहनांसाठी १९८८ साली खुला झाला. पुढच्याच वर्षी मनाली-लेह मार्गही नागरी वाहतुकीला मोकळा झाला. या वाटेवर टांडीच्या पंपानंतर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी होती, आणि पेट्रोलचे कॅन बांधण्यासाठी बुलेटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटी जोडण्याची गरज तिथूनच आली. ‘लडाख कॅरिअर’ हे नाव आज कोकणाबाहेर न गेलेल्या गाडीच्या चौकटीलाही लावले जाते. ही चौकट नळ्यांची असते आणि तिच्यावर लादलेली सॅडलबॅग कापडाची, त्यामुळे युरोपातल्या रायडरला पॅनिअरवर मिळालेली सपाट जागा आपल्याकडच्या बहुतेकांना मिळालीच नाही. कापडावर स्टिकर टिकत नाही. म्हणून आपल्या गाड्यांवर तो टाकी, साइड पॅनेल, पुढची काच आणि हेल्मेट यांच्याकडे सरकला. टाकीवर त्याचे आयुष्य तसे कमीच. पेट्रोल भरताना ओघळलेले चार थेंब झाकणाजवळच्या कडा उचकटायला पुरतात.

नंबरप्लेटची जागा कायद्याने काढून घेतली. ८०५५ हा आकडा रोमन ‘बॉस’सारखा किंवा ४१४१ हा ‘दादा’सारखा वळवून लिहिण्याची कला महाराष्ट्रात जोरात होती, जरी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी अक्षरांचा आकार आणि मांडणी ठरवून दिलेली होती. १ एप्रिल २०१९पासून नव्या वाहनांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट येऊ लागली आणि पेंटर व रेडियमवाला दोघांचेही ते काम गेले. या पाटीच्या डाव्या बाजूला अशोकचक्राच्या होलोग्रामखाली निळ्या रंगात ‘आयएनडी’ ही अक्षरे उमटवलेली असतात. लंबगोल गेला तरी खूण राहिली. संपूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचा पत्रा गुंडाळायचा असेल तर नोंदणी पुस्तकातल्या रंगाचा प्रश्न येतो आणि आरटीओकडे जावे लागते. सुटे स्टिकर या भानगडीत सहसा येत नाहीत.

राहिला प्रश्न खूण देणाऱ्याचा. आता कोणत्याही खिंडीचा स्टिकर घरबसल्या मागवता येतो. १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग लाला २०२१ साली सर्वांत उंच मोटाररस्त्याचा गिनेस विक्रम मिळाल्यावर तिचाही स्टिकर मिळू लागला. तरीही जिथे गाडी गेली नाही तिथला स्टिकर लावायचा नाही, हा न लिहिलेला नियम जुने रायडर कसोशीने पाळतात आणि नवख्याला पेट्रोलपंपावर दोन प्रश्न विचारून तपासतातही. २०२०मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लेहला जाणारे बहुतेक जण रोहतांग खिंडीत चढतच नाहीत. अशांनी रोहतांगचा स्टिकर लावावा का, यावर दोन्ही बाजूंनी गंभीरपणे बोलणारी माणसे मला भेटली आहेत.

दरम्यान उलट दिशेनेही एक प्रथा सुरू झाली आहे. आपल्या ग्रुपचे नाव, गाडीच्या नंबरातला एमएच १२ किंवा एमएच ०९ आणि वर्ष असा स्टिकर छापून न्यायचा आणि तो खिंडीतल्या सीमा रस्ते संघटनेच्या फलकावर, ढाब्याच्या दारावर किंवा पंपाच्या खांबावर चिकटवून यायचा. हॉटेल प्रवाशाच्या ट्रंकेवर आपले नाव लावत असे. इथे प्रवासी जागेवर आपले नाव लावतो. काही फलकांवर आता एकावर एक इतके थर चढले आहेत की ज्या उंचीसाठी लोक तिथवर येतात तो आकडाच त्यांखाली अर्धा झाकला गेला आहे.